मोबाईलची घंटी आणि आपले गाणे



गेल्या वर्षीच्या पालकसभेत घडलेली एक मौज प्रथम सांगतो. भाषण रंगात आले असता सभागृहात कोठेतरी मोबाईल वाजू लागला. तो वाजताच पुढच्या दोन रांगांतील सहासात गृहस्थांचे हात एकदम आपापल्या खिशांकडे गेले. स्त्रियांच्या बाजूसही तीनचार पिशव्या घाईघाईने उघडल्या गेल्या. ज्यांचा फोन खरोखरी वाजत होता ते शेवटच्या बाकावरील आजोबा मात्र, हा आपला नव्हेच अशा समजुतीने स्वस्थ बसून राहिले. कारण उघड होते. कारखान्यातून येताना फोनात जो सूर भरलेला असतो तोच सर्वांनी जसाच्या तसा ठेविला होता. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गातील एका मुलाने विचारले, “सर, आपल्याजवळ असलेले गाणे कापून त्याची रिंगटोन करता येते काय? आणि तसे करणे योग्य आहे काय?” ह्या प्रश्नाचा पहिला भाग हाताच्या कसबाचा आहे, दुसरा विवेकाचा. दोहोंचे उत्तर एके ठिकाणी द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. रिंगटोन आणि कॉलर ट्यून ह्या दोन भिन्न वस्तू होत. आपणांस कोणी फोन केला असता आपल्या खिशात जे वाजते ती रिंगटोन. ती आपल्या फोनातच साठविलेली असते आणि तिचे मालक आपण. उलटपक्षी, आपणांस फोन करणाऱ्याच्या कानात जे वाजते ती कॉलर ट्यून. ती फोन कंपनीच्या यंत्रात असते आणि तिच्यासाठी कित्येकदा शुल्क द्यावे लागते. २०२० साली करोनाच्या साथीत कोणासही फोन लावला की प्रथम खोकल्याचा आवाज व पाठोपाठ आरोग्याची सूचना ऐकू येई, हे मोठ्या मुलांस आठवत असेल. ती दुसऱ्या प्रकारातली. ह्या लेखाचा विषय केवळ पहिला प्रकार आहे, आणि तो घरच्या घरी, एक पैसाही न खर्चिता साधतो.

आता थोडा इतिहास. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यास दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळाले. त्यानंतर कित्येक दशके ‘फोन आला’ हे कळविण्याचे काम धातूच्या घंटेकडे होते. घरात फोन एकच असे, म्हणून घंटाही एकच पुरे. आपल्या देशात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्याशी बोलले. पुढे फोन घराचा न राहता माणसाचा झाला, आणि आपला फोन कोणता हे दुरून ओळखण्याची गरज उत्पन्न झाली. नोकिया कंपनीने १९९४ साली आपल्या फोनात जो सूर घातला, व जो पुढे जगभर ऐकू येऊ लागला, तो मुळात फ्रान्सिस्को तार्रेगा नावाच्या स्पॅनिश वादकाने १९०२ साली गिटारीकरिता रचलेल्या एका संगीतकृतीतला लहानसा तुकडा होता.

हे १९०२ साल आपल्याकडेही स्मरणीय आहे. त्याच वर्षी फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहरजान ह्या प्रसिद्ध गायिकेचे गाणे तबकडीवर उतरविले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवावयाचा, म्हणजे काय ठेवावे आणि काय सोडावे ह्याचा विचार गायकास करावाच लागे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत एकेक पद खुलवीत नेणारे बालगंधर्वही तबकडीसाठी गाताना ह्याच मर्यादेत गायिले. तात्पर्य, गाणे कालाच्या मापात बसविणे म्हणजे गाण्याचा अपमान होय असे नाही. मात्र कोठे कापावे हे समजले पाहिजे. तीन मिनिटांचे माप आता तीस सेकंदांवर आले आहे, एवढाच भेद.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे ‘आपले गाणे’ कशास म्हणावे ह्याकडे, आता वळू. बहुतेकांची समजूत अशी की, जे गाणे फोनात वाजते ते आपले. वस्तुस्थिती निराळी आहे. आपण दाम देऊन विकत घेतलेली सीडी, अथवा दाम देऊन उतरवून घेतलेली गाण्याची फाईल, हा एक प्रकार. इंटरनेटवरील एखाद्या सेवेकडे वर्गणी भरून ऐकावयाची गाणी, हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रकारात गाणे आपण विकत घेत नसून जणू भाड्याने ऐकतो. वर्गणी थांबली की गाणेही थांबते. अशा फाईलींस बहुधा कुलूप घातलेले असते, त्यामुळे त्या कापताही येत नाहीत. बाजारातील दुकानी काही रुपये देऊन मेमरी कार्डात एकदम शेकडो गाणी भरून घेण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ दिवस होती. तेथे दाम दुकानदारास मिळाले, परंतु गाणाऱ्यास वा ते गाणे काढणाऱ्या कंपनीस काही पोहोचले नाही. म्हणून त्यास ‘आपले’ म्हणताना मनुष्याने थोडे थबकावे.

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात निदान तीन हक्क असतात. एक शब्दांचा, दुसरा चालीचा आणि तिसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याप्रमाणे शब्द व चाल ह्यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. उदाहरण घेऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांच्या भजनांचे शब्द आज सर्वांचे आहेत, ते कोणीही गावेत. परंतु तेच भजन एखाद्या गायकवृंदाने २०१५ साली गाऊन प्रसिद्ध केले असेल, तर ते ध्वनिमुद्रण मात्र सर्वांचे नव्हे. उलट १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीचा ध्वनिमुद्रणापुरता हक्क २०२० च्या अखेरीस संपला. मग दाम देऊन घेतलेल्या गाण्याचा तुकडा आपल्याच फोनात वाजविणे हा गुन्हा आहे काय? कायद्यात खाजगी व वैयक्तिक उपयोगासाठी रास्त सवलत ठेविलेली आहे, आणि स्वतःपुरता केलेला असा उपयोग तिच्याच जातीचा आहे. तथापि तो तुकडा शंभर जणांस वाटणे, इंटरनेटवर चढविणे, अथवा विकणे, ह्या गोष्टी त्या सवलतीत येत नाहीत. दाम देऊन आणलेल्या पुस्तकातील पान आपल्या टेबलासमोर डकविणे निराळे आणि त्याच पुस्तकाच्या प्रती छापून वाटणे निराळे, हा भेद मुलांसही सहज कळतो.

ह्याहून एक निर्वेध प्रकार आहे, आणि तो मला सर्वांत आवडतो. तो म्हणजे स्वतः टिपलेला आवाज. जी गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही ती आपल्या घरात असू शकते. जात्यावरच्या ओव्याच पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्या नावांनिशी व आवाजांनिशी जतन झाल्या आहेत. तुमच्या आजीस पाचदहा ओव्या येत असल्यास त्या टिपून घेण्यास मोबाईलखेरीज काही लागत नाही. धाकट्या भावाचे गाणे, शेजारच्या भजनीमंडळातील खंजिरीचा ठेका, नाताळातील आपल्या मंडळीचे गायन, हे सारे त्या त्या गाणाऱ्याच्या अनुमतीने टिपता येते. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरकडे जाणारी आपली शकुंतला गाडी आता धावत नाही. परंतु तिच्या डिझेल एंजिनाचा भोंगा ज्यांनी वेळीच फोनात टिपून ठेविला, त्यांच्यापाशी आज एक दुर्मीळ ठेवा आहे.

गाणे ठरले. आता त्यातील कोणता भाग घ्यावा? येथे दोन गोष्टींचा विचार करावा लागतो, काळाचा आणि सुराचा. प्रथम काळाचा. आपल्या देशाच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असे ठरवून दिले की, उत्तर न मिळाल्यास मोबाईलची घंटी ३० सेकंद व घरच्या तारेच्या फोनाची घंटी ६० सेकंद वाजावी. म्हणजे आपल्या गाण्यास मिळणारा अवधी जास्तीत जास्त अर्धा मिनिट. कित्येक गाण्यांच्या आरंभीची वाद्यांची सुरावटच तेवढी लांब असते. सबंध गाणे रिंगटोन म्हणून ठेविल्यास, ज्या ओळीसाठी ते आपण निवडले ती ओळ येण्यापूर्वीच फोन बंद पडावयाचा. म्हणून तुकडा गाण्याच्या तोंडाशीच घेतला पाहिजे असे नाही. तो ध्रुपदातील असावा, पहिल्याच सेकंदास ओळखू यावा, आणि ३० सेकंदांच्या आत संपावा. तो लहान असला तरी चिंता नको. फोन उचलीपर्यंत तोच तुकडा पुनःपुन्हा वाजत राहतो.

जागेचाही हिशेब पाहू, कारण गणिताच्या तासास तो उपयोगी पडेल. सीडीवर आवाजाची मोजणी दर सेकंदास ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजणीस १६ बिट आणि उजवी व डावी अशा दोन बाजू. गुणाकार करा, म्हणजे दर सेकंदास १४,११,२०० बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३० सेकंदांस ५२,९२,००० बाइट. हाच तुकडा एमपी-थ्री पद्धतीने दर सेकंदास १,२८,००० बिट ह्या मानाने साठविल्यास अवघे ४,८०,००० बाइट लागतात, म्हणजे अकरावा हिस्सा. हे कसे साधते? मोठ्या आवाजाच्या आड दडलेले बारीक आवाज आपल्या कानास ऐकूच येत नाहीत. ते टिपून ठेवण्यात ही पद्धत जागा दवडीत नाही. रिंगटोनसाठी एवढी गुणवत्ता पुरून उरते.

आता सुराचा विचार. निरोगी तरुण कानास दर सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. परंतु मोबाईलचा ध्वनिक्षेपक पावट्याच्या दाण्याहून फार मोठा नसतो. इतक्या लहान पडद्यास खर्जातील सुरांसाठी लागणारी हवा हलविता येत नाही. म्हणून डग्ग्याचा घुमारा, ढोलाचा ठोका हे मोबाईलमधून जवळजवळ नाहीसे होतात. मोठ्या पेटाऱ्यावर छाती दणाणून सोडणारे गाणे खिशात केविलवाणे वाटते, ते ह्याचमुळे. मनुष्याचा आवाज, बासरी, बाजाची पेटी हे मात्र स्पष्ट येतात. उलट टोकास दुसरी अडचण आहे. वय वाढते तसे मनुष्यास प्रथम वरच्या पट्टीतील, चिरक्या सुरांचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. मुलास जी किणकिण खणखणीत वाटते ती आजोबांपर्यंत पोहोचतच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील गावी शेतावर राहतात. चारपाच वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने त्यांच्या फोनात नाताळच्या घंटांची एक नाजूक किणकिण घालून दिली होती. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एके रात्री माझ्या धाकट्या बहिणीस एकाएकी यवतमाळास रुग्णालयात न्यावे लागले. वाटेत वडिलांस गाडीत घ्यावे म्हणून मी फोन लाविला. एकदा, दोनदा, पाच वेळा. फोन त्यांच्या उशाशी होता, वाजतही होता. त्यांस तो ऐकूच आला नाही. परमेश्वराच्या दयेने बहीण बरी झाली, परंतु ती रात्र आम्ही सर्व भावंडे कधी विसरणार नाही. दोष ना फोनाचा होता ना वडिलांच्या कानाचा. जो सूर मला गोड लागला तो त्यांस ऐकू येतो किंवा नाही हे मी एकदाही पाहिले नव्हते. म्हणून मुलांनो, आईवडिलांच्या अथवा आजीआजोबांच्या फोनात रिंगटोन घालून द्याल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तो वाजवा आणि त्यांस विचारा, “ऐकू आले का?” एवढी परीक्षा झाल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नका.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम मूळ फाईलीची एक प्रत करून घ्यावी आणि कापाकापी तिच्यावरच करावी. मूळ जशीच्या तशी ठेवावी, कारण कापलेले पुन्हा सांधता येत नाही. शाळेच्या अथवा घरच्या संगणकावर ‘ऑडॅसिटी’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम घालता येतो. त्यात फाईल उघडली की आवाजाचा आलेख पडद्यावर उमटतो. जेथे आवाज मोठा तेथे आलेख उंच, जेथे शांतता तेथे सपाट रेघ. गाणे ऐकत ऐकत आपल्या ओळीचा आरंभ व शेवट कोठे आहे ते हेरावे. त्यापूर्वीचा व नंतरचा भाग निवडून काढून टाकावा. कात्री शक्य तर त्या सपाट रेघेवर, म्हणजे गायकाने श्वास घेतला त्या जागी चालवावी. शब्दाच्या मध्यावर चालविली की ऐकणाऱ्यास ठेच लागते. शेवटचे सेकंद दोन सेकंद ‘फेड आउट’ ह्या सोयीने हळूहळू मंद करावे आणि आवाज एकंदर बारीक असल्यास ‘नॉर्मलाइझ’ ह्या सोयीने उंचवावा. मग ‘एक्सपोर्ट’ करून एमपी-थ्री फाईल तयार करावी. तिला ओळखू येईल असे नाव द्यावे.

अँड्रॉइड जातीचा फोन असल्यास तो तारेने संगणकास जोडून ही फाईल फोनातील ‘रिंगटोन्स’ नावाच्या कप्प्यात ठेवावी. नंतर फोनाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘साउंड’ ह्या सदराखाली ‘रिंगटोन’ उघडावी. तेथील यादीत आपल्या फाईलीचे नाव दिसेल, त्यावर बोट टेकविले की काम झाले. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत ह्या पायऱ्यांची नावे थोडीफार बदलतात, परंतु क्रम हाच. आयफोनात जुना मार्ग ‘गॅरेजबँड’ ह्या कार्यक्रमातून जातो. फाईल त्यात घ्यावी, ३० सेकंदांच्या आतील तुकडा राखावा आणि ‘शेअर’मधून ‘रिंगटोन’ निवडावे. २०२५ साली आलेल्या आयओएस २६ पासून हे आणखी सोपे झाले आहे. ३० सेकंदांहून लहान फाईल फोनातूनच ‘शेअर’ करून रिंगटोन म्हणून योजिता येते.

आणखी एक सोय आहे, तिची माहिती थोड्यांसच असते. फोनातील नावांच्या वहीत, म्हणजे कॉन्टॅक्ट्समध्ये, एखादे नाव उघडून केवळ त्या माणसापुरती निराळी रिंगटोन ठेविता येते. म्हणजे खिशातून फोन न काढिताही घरचा फोन कोणता आणि परक्याचा कोणता हे कळते. कापूस वेचताना वा फवारणी करताना हात गुंतलेल्या शेतकऱ्यास, अथवा चुलीपाशी बसलेल्या गृहिणीस, ह्या सोयीचे मोल फार आहे.

येथे पालकांस एक कळकळीची सूचना करतो. ‘फुकट रिंगटोन’ अशी जाहिरात करणारी स्थळे इंटरनेटवर असंख्य आहेत. त्यांतील काही एखादा अनोळखी कार्यक्रम फोनात घालावयास सांगतात. तो कार्यक्रम सुरू होताच आपले संदेश वाचण्याची, नावांची वही पाहण्याची परवानगी मागतो, आणि मुले गाण्याच्या नादात ‘होय’ म्हणून मोकळी होतात. विचार करा, घंटी वाजविणाऱ्यास आपले संदेश वाचण्याचे कारण काय? बँकेचा गुप्त अंक त्याच संदेशांतून येतो. दारावर घंटा टांगावयास आलेल्या माणसाने तिजोरीची किल्ली मागितली तर आपण देऊ काय? तेव्हा परक्या स्थळावरून कोणताही कार्यक्रम उतरवू नये. चुकून पैशाची फसवणूक झालीच, तर लाजून घरी न बसता १९३० ह्या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तत्काळ कळवावे. वरील रीतीत अशा कोणत्याही स्थळाची गरजच पडत नाही.

शिष्टाचाराविषयी फार सांगत नाही. रिंगटोन निवडतो आपण, पण ऐकतात सर्व लोक. एस. टी. मध्ये, रुग्णालयात, उपासनेच्या वेळी आणि विशेषतः कोणाच्या अंत्यविधीस जे गाणे वाजलेले आपणांस शोभणार नाही, ते फोनात ठेवू नये, आणि अशा ठिकाणी फोन मुका करण्यास विसरू नये. शाळेत फोन आणू नये हा नियम तर सर्वांस ठाऊकच आहे.

शेवटी, वडिलांच्या फोनाचे पुढे काय झाले हे सांगून लेख पुरा करतो. त्या रात्रीनंतर मी नवा तुकडा शोधू लागलो. माझ्या भाच्याने एका नाताळात आमच्या आईचे गाणे फोनात टिपून ठेविले होते. टिळकांचे भजन, जुनी चाल, पाठीमागे पेटी. तोच तिचा अखेरचा नाताळ ठरला. शब्द सर्वांचे, चाल परंपरेची, आवाज आमच्या घरचा. ह्याहून ‘आपले’ गाणे कोणते असणार? तिचा आवाज मध्यम पट्टीतला, भरदार, वडिलांस स्पष्ट ऐकू येणारा. मी त्यातील अठ्ठावीस सेकंदांचा तुकडा घेऊन त्यांच्या फोनात घातला आणि दुसऱ्या खोलीतून वाजवून पाहिला. त्यांनी मान हलविली. मी निश्चिंत झालो.

आणि तरी पुढच्या आठवड्यात तीन वेळा फोन केला तो त्यांनी उचललाच नाही. रविवारी मी काळजीने गावी गेलो व कारण विचारले. वडील थोडे ओशाळून म्हणाले, “ऐकू तर आलं बाप्पा. पण तिची ओळ अर्धी कशी तोडू? पुरी होऊ द्यावं म्हणून थांबलो, अन् फोनच बंद झाला.”

जे मला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही ते त्यांच्या एका वाक्याने कळले. रिंगटोन ही वस्तूच अशी की, ती मधेच तोडण्यासाठी असते. म्हणून तिची ओळ लहान आणि स्वतःपुरती पूर्ण असली पाहिजे. मी पुन्हा संगणकासमोर बसलो आणि भजनाची केवळ पहिली ओळ, नऊ सेकंदांची, आईने श्वास घेतला तेथपर्यंत राखिली. ती नीट चालली. परंतु महिनाभराने वडिलांनीच दुसरी अडचण काढिली. “कर्जवाल्याचा फोन येते, बियाण्यावाल्याचा येते, कोणाचाही आला तरी तिनंच गावं का?” त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हा माझ्या मुलीने पेटीवर चार सूर वाजविले, ते टिपून सर्वसाधारण घंटी म्हणून ठेविले. आईची ओळ आम्हा तिघा भावंडांच्या नावांपुरतीच राखिली. सबंध भजन फोनात निराळे आहे. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर वडील ते अखेरपर्यंत ऐकतात.

आता त्यांस फोन केला असता ते नऊ सेकंदांच्या आत कधीच उचलीत नाहीत. आम्हीही तेवढे थांबावयास शिकलो आहो.